रस्ता चांगला दिसतोय तोवरच सांभाळा: खान्देशातल्या गावरस्त्यांची देखभाल, अगदी पहिल्या पायरीपासून

ग्रामपंचायतीवर पहिल्यांदाच निवडून आलेले सदस्य, नुकतेच रुजू झालेले कनिष्ठ अभियंते आणि गावच्या रस्त्याची मनापासून काळजी असलेली तरुण मंडळी भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "खड्डे कधी बुजवणार?" खड्डा दिसायला लागतो तेव्हा रस्त्याचं दुखणं दोन-तीन पावसाळे जुनं झालेलं असतं. धुळे-जळगाव भागात ग्रामीण रस्त्यांच्या कामावर माझी सव्वीस वर्षं गेली. रस्ता चांगला दिसतो तेव्हा त्याच्यावर करायची कामं सगळ्यांत स्वस्त असतात आणि तीच सगळ्यांत जास्त टाळली जातात, हे मी दरवर्षी पाहिलं. ती कामं कोणती, कधी आणि कशी करायची, ते इथे क्रमानं सांगतो.

आधी हिशेब पाहू, कारण ग्रामसभेत तुम्हाला तोच मांडावा लागेल. एक किलोमीटर लांब आणि ३.७५ मीटर रुंद डांबरी रस्ता घ्या. त्याचा पृष्ठभाग ३,७५० चौरस मीटर. समजा, किलोमीटरभरात मिळून २०० मीटर लांबीच्या भेगा निघाल्या, ५ मिलिमीटर रुंद आणि २० मिलिमीटर खोल. त्या भरायला माल लागतो २० लिटर. एक डबा! भेगा तशाच सोडल्या आणि काही वर्षांनी २० मिलिमीटरचं कार्पेट, म्हणजे डांबरमिश्रित खडीचा थर, टाकायची वेळ आली, तर दबाई झालेला माल ७५ घनमीटर, म्हणजे साडेसव्वीस ब्रास. आणि रस्ता खचल्यावर ३५ सेंटिमीटर उकरून सगळे थर नव्यानं भरायचे झाले तर १,३०० घनमीटरच्या वर, म्हणजे साडेचारशे ब्रासपेक्षा जास्त. दरसूची दरवर्षी बदलते, पण हे आकडे बदलत नाहीत. जागतिक बँकेच्या १९९४ च्या विकास अहवालात आफ्रिकेतल्या रस्त्यांचा असाच हिशेब दिला आहे: आधीच्या दहा वर्षांत वेळेवर १२ अब्ज डॉलर देखभालीवर खर्च झाले असते, तर पुनर्बांधणीचे ४५ अब्ज डॉलर वाचले असते.

दुसरी गोष्ट आपल्या मातीची. तापीच्या खोऱ्यात बहुतेक गावरस्ते काळ्या मातीवर बसलेले आहेत. कापूस-केळीला ही माती सोन्यासारखी, पण रस्त्याला तिच्याइतकी अवघड माती दुसरी नाही. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून तडकते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा शेतातल्या भेगांत हात जातो. तीच माती रस्त्याखाली असते. मातीची भार पेलण्याची ताकद ज्या सीबीआर चाचणीनं मोजतात, त्यात भिजलेली काळी माती २-३ टक्क्यांवर येते. चांगला मुरूम १० च्या वर असतो. म्हणजे वरचं डांबर कितीही चांगलं असो, खाली पाणी पोचलं की रस्ता चिखलावर तरंगतो. खान्देशातल्या रस्त्याची देखभाल ही नव्वद टक्के पाण्याची देखभाल आहे, असं मी ठामपणे म्हणतो.

पहिली पायरी: रस्ता कोणाचा, ते लिहून काढा

गावात येणारे सगळे रस्ते एका कार्यालयाचे नसतात. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असतात. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. गावातल्या गल्ल्या ग्रामपंचायतीच्या. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला रस्ता असेल तर काम पूर्ण झाल्यापासून ५ वर्षं देखभाल ठेकेदारानंच करायची असते, आणि ती करारात लिहिलेली असते. रस्त्याच्या सुरुवातीचा फलक नीट वाचा, काम पूर्ण झाल्याची तारीख टिपून घ्या. पाचवं वर्ष संपायच्या आतल्या पावसाळ्यात तुम्ही रस्ता पाहिला नाही, तर पुढची दुरुस्ती सरकारी निधीच्या रांगेत जाते. या योजनेतल्या रस्त्याची तक्रार ‘मेरी सडक’ ॲपवर फोटोसह करता येते.

एक वही करा. रस्त्याचे १०० मीटरचे तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्याला एक पान द्या. खुणेसाठी मोरी, विजेचा खांब, विहीर, निंबाचं झाड, काहीही चालेल.

दुसरी पायरी: पाऊस चालू असताना रस्त्यावर चाला

नोकरीच्या पहिल्या वर्षी साक्रीकडच्या एका रस्त्यावर मी हातात टेप घेऊन खड्डे मोजत होतो. आमच्या टोळीचे म्हातारे मुकादम, मैलकुली म्हणजे रस्त्यावरचे मजूर म्हणून लागलेले, छत्री घेऊन मागून येत होते. ते थांबले आणि म्हणाले, "भाऊ, पानी कथा जास ते देखा." पाणी कुठे जातं ते पाहा. पांझरा नदीच्या काठच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. तिथे फड पद्धतीत, म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्यावरच्या सामाईक सिंचनात, पाणी सोडण्याआधी शेतकरी मिळून पाटातला गाळ काढत आले. पाट फुटण्याची वाट कुणी पाहत बसत नसे.

तेव्हा मिरगाच्या पहिल्या जोरदार पावसात बाहेर पडा. तीन गोष्टी पाहा. पाणी रस्त्याच्या मध्यावरून कडेला सरकतंय का? कडेवरून साइडपट्टी, म्हणजे डांबराच्या बाजूची मुरमाची पट्टी, ओलांडून चरात पडतंय का? आणि चरातून पुढे नाल्याला लागतंय का? यांतल्या कोणत्याही एका ठिकाणी पाणी अडत असेल तर तिथे वहीत फुली मारा. दोन-तीन वर्षांत खड्डा तिथेच पडणार.

पाऊस थांबल्यावर तासाभरानं परत या. हा तास फार मोलाचा आहे. रस्ता वाळायला लागतो, पण भेगांच्या कडेनं ओल्या रेघा राहतात. एरवी डोळ्याला न दिसणारी केसाएवढी भेगही त्या वेळी स्पष्ट दिसते. खडूनं खूण करा. एखाद्या भेगेतून ट्रॅक्टरच्या चाकाखाली गढूळ पाणी वर येतं आणि वाळल्यावर तिथे मातकट डाग राहतो. तो डाग दिसला की समजा, खालच्या थरातली बारीक माती चाकाच्या दाबानं पाण्याबरोबर उपसली जाते आहे आणि डांबराखाली पोकळी तयार होते आहे. असा डाग असलेली जागा वहीत लाल पेनानं लिहा.

उतार तपासायला महागडं यंत्र लागत नाही. गवंड्याकडची लेव्हल पाईप पुरते. साध्या डांबरी गावरस्त्याला मध्यापासून कडेकडे दोन ते अडीच टक्के उतार हवा. ३.७५ मीटरच्या रस्त्यात मध्य आणि कड यांत जास्तीत जास्त ४.७ सेंटिमीटरचा फरक यायला हवा, कमीत कमी पावणेचार. दोन सेंटिमीटरच निघाला तर पाणी रस्त्यावरच रेंगाळणार.

तिसरी पायरी: साइडपट्टी आणि चर

इथे मी जरा थांबणार आहे, कारण निम्मा रस्ता इथेच वाचतो आणि इथेच मरतो.

साइडपट्टी दोन प्रकारांनी बिघडते. एक म्हणजे ती खाली जाते. समोरून केळीची गाडी आली की मोटारसायकलवाला खाली उतरतो, ट्रॅक्टर उतरतो, मुरूम उडून जातो आणि डांबराची कड उघडी पडते. आधार नसलेली कड चाकाखाली बिस्किटासारखी तुटते. पावणेचार मीटरचा रस्ता चार वर्षांत सव्वातीनचा होतो तो असा. दुसरा प्रकार कुणाच्या लक्षात येत नाही: साइडपट्टी वर चढते. गवत उगवतं, गवतात धूळ अडकते, शेतातून आलेल्या चाकांचा चिखल साचतो, आणि पाच-सहा वर्षांत डांबरापेक्षा बोटभर उंच बांध तयार होतो. पाणी तिथे थटतं, कडेनंच वाहतं आणि मुरतं.

उपाय एकच, साइडपट्टी डांबराच्या कडेला बरोबर लागून आणि बाहेरच्या बाजूला रस्त्यापेक्षा थोडी जास्त उतरती ठेवायची. तीन टक्के तरी उतार हवा, म्हणजे एक मीटर रुंदीत ३ सेंटिमीटर. उंच झालेली खरवडून काढा. खचलेली मुरमानं भरा, पाणी मारा आणि रोलरनं दाबा. नुसता टाकलेला मुरूम पहिल्या पावसात चरात जाऊन बसतो आणि चरही बुजवतो. काळी माती मात्र साइडपट्टीत कधीच टाकू नका. जवळ आहे, फुकट आहे, म्हणून शेतातली माती ओढून टाकलेले कितीतरी रस्ते मी पाहिले. ती माती पाणी धरून ठेवते आणि बाजूनं रस्त्याच्या पोटात सोडते.

आता चर. आपल्या गावांत चर बुजतो तो बहुतेक वेळा शेताच्या वाटेमुळे. शेतकऱ्याला ट्रॅक्टर आत न्यायचा असतो, तो चरात दोन ट्रॉल्या मुरूम टाकतो आणि वाट होते. पलीकडच्या शेतापर्यंतचं सगळं पाणी तिथे तुंबतं. यावर भांडू नका. वाटेखाली सिमेंटचा पाईप टाकायला लावा, आतला गाळ काढता येईल एवढ्या मापाचा. पाईपचं तोंड चराच्या तळाला जुळलं पाहिजे, वर राहिलं तर पाणी तुंबणारच. शेतकऱ्याला सोबत घेऊन पावसात ती जागा दाखवली की पटतं. माझ्या अनुभवात दहांतले सात-आठ जण पाईपला तयार झाले.

केळीच्या पट्ट्यात, रावेर, यावल, चोपड्याकडे, आणखी एक गोष्ट पाहा. ठिबकच्या नळ्या धुताना टोकं रस्त्याकडे सोडलेली असतात, कुठे पाटाचं पाणी बांध फोडून साइडपट्टीवर येतं. उन्हाळ्यात सगळा रस्ता कोरडा आणि तेवढाच तुकडा ओला, असं झालं की तिथली काळी माती फुगते आणि बाजूची आकसलेली राहते. रस्त्यावर उंचवटा येतो, मग भेग. असा तुकडा सापडला तर आधी पाणी वळवा. त्याशिवाय केलेली दुरुस्ती टिकत नाही.

मोऱ्यांचं काम थोडक्यात: दोन्ही तोंडांचा गाळ, झुडपं, प्लास्टिक काढा आणि पाणी पलीकडे पडतं तिथे जमीन खरवडली गेली असेल तर दगड रचा. हे सगळं आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपास हाती घ्या. सासरहून लेकी आलेल्या असतात, गाव भरलेलं असतं, शेतातली घाई नसते. मिरग लागायच्या आत चर मोकळे हवेत. श्रावणात कानबाईच्या सुमारास एकदा आणि पोळ्यानंतर एकदा परत चालून या, कारण पहिल्या दोन पुरांत वाहून आलेला काडीकचरा मोऱ्यांच्या तोंडाशी हमखास अडकतो.

चौथी पायरी: भेगा

आधी भेग ओळखायला शिका. कडेपासून अर्धा-एक मीटर आत, रस्त्याच्या लांबीला धरून सरळ जाणारी भेग आपल्याकडे सगळ्यांत जास्त दिसते. लोक म्हणतात गाड्यांनी पडली. बहुतेक वेळा ती काळ्या मातीनं पाडलेली असते: उन्हाळ्यात कडेची माती आधी वाळते, आकसते आणि डांबराला बाहेर ओढते. कडेला मोठी झाडं असतील तर मुळं ओल शोषतात आणि भेग आणखी रुंद होते. ही भेग लवकर बंद केली तर रस्त्याला काहीही होत नाही. चाकोरीत पडलेली जाळीसारखी भेग मात्र वेगळी. तिथे खालचा थर थकलेला आहे. नुसती वरून बंद करून भागत नाही, तेवढा तुकडा कापून थर बदलावा लागतो.

भेग भरायची रीत अशी. ३ मिलिमीटरपेक्षा बारीक भेगांवर पातळ इमल्शनचा, म्हणजे पाण्यात मिसळलेल्या डांबराचा, हलका फवारा पुरतो. त्याहून रुंद असेल तर आधी साफसफाई: तारेचा ब्रश, मग कॉम्प्रेसरची हवा. धूळ राहिली तर डांबर भेगेला न चिकटता धुळीला चिकटतं आणि पहिल्या पावसात साल निघावी तसं निघतं. मग भेगेत इमल्शन किंवा रबर मिसळलेलं डांबर ओता, रुंद भेग असेल तर कच आणि इमल्शनचं मिश्रण. काठोकाठ भरू नका, किंचित खाली ठेवा, कारण पावसात माती फुगली की भेग आवळते आणि भरलेला माल वर ढकलला जातो. इमल्शन ओतताना चॉकलेटी दिसतं. त्यातलं पाणी सुटलं की ते काळं होतं. काळं होईपर्यंत चाक जाऊ देऊ नका आणि वर बारीक कच भुरभुरवा, म्हणजे टायरला चिकटून निघणार नाही.

हे काम न केल्याची एक आठवण माझ्या मनातून जात नाही. तापीच्या उत्तरेला चार किलोमीटरचा एक रस्ता होता, चार वर्षांचा आणि दिसायला सुंदर. मी साठेक मीटर कडेची भेग नोंदवली आणि भरण्याचा प्रस्ताव दिला. कार्यालयातून शेरा आला: रस्ता सुस्थितीत आहे, पुढील वर्षी विचार करावा. दुसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी त्या साठ मीटरची एक बाजू वीतभर खचली. केळीच्या गाड्या उरलेल्या अर्ध्या रस्त्यावरून जायला लागल्या, मग तोही बसला. अखेर तो तुकडा खालपासून उकरून करावा लागला आणि त्या वर्षी तालुक्यातल्या दुसऱ्या दोन रस्त्यांचा सीलकोट, म्हणजे पृष्ठभाग बंद करणारा डांबराचा पातळ थर, त्यासाठी मागे पडला. मुलं पाच महिने चिखलातून शाळेत गेली.

पाचवी पायरी: पडलेला खड्डा नीट भरा

खड्डा गोल असला तरी कापायचा चौकोनी, कडा उभ्या, खाली घट्ट थर लागेपर्यंत. सुटा माल आणि पाणी बाहेर काढा. तळाला आणि चारी कडांना इमल्शनचा पातळ हात द्या. मग डांबरमिश्रित खडी भरा, खोल असेल तर थराथरानं, प्रत्येक थर दाबून. कडेकडून मध्याकडे दाबत या आणि वरचा थर रस्त्यापेक्षा किंचित उंच ठेवा, गाड्यांनी तो बसतो. भर पावसाळ्यात गरम माल टिकत नाही. तेव्हा पिशवीतला तयार थंड माल वापरा आणि उघडीप मिळाल्यावर ती जागा पुन्हा पाहा. माती किंवा विटांचे तुकडे टाकून बुजवलेला खड्डा आठवड्यात मोठा होऊन परत येतो.

शेतकऱ्यांनी पाइपलाइनसाठी रस्ता आडवा खोदणं हे आपल्याकडचं नेहमीचं. त्याला परवानगी लागते, हे ग्रामसभेत स्पष्ट सांगा. नवा रस्ता होणार असेल तर काम सुरू व्हायच्या आधीच दवंडी द्या, कुणाला पाइप न्यायचा आहे ते विचारा आणि मोठे पाइप आडवे टाकून ठेवा. खोदलंच, तर चर मुरमानं पंधरा-पंधरा सेंटिमीटरच्या थरांत पाणी मारून, ठोकून भरायचा, वर खडीचा थर आणि मग डांबर.

सहावी पायरी: सीलकोट कुठे आधी

रस्त्यावर उकिडवं बसा आणि पृष्ठभागावरून तळहात फिरवा. नवं डांबर काळं, तेलकट वाटतं. चार-पाच उन्हाळ्यांनंतर ते राखाडी आणि ठिसूळ होतं, खडीचे कण हाताला लागून सुटतात. रस्ता अजून सपाट आहे, जाळी नाही, पण हाताला खडी येते आहे: सीलकोट किंवा पातळ कार्पेटची हीच वेळ. ही वेळ दोन-तीन वर्षांचीच असते.

आणि इथे नव्या सदस्यांची हमखास चूक होते. निधी थोडा, म्हणून सगळ्यांत वाईट रस्त्यावर सीलकोट मागतात. ज्या रस्त्याचा पाया गेलाय त्यावर पातळ थर एक पावसाळाही काढत नाही. पैसा गेला आणि चांगला रस्ताही हातचा गेला. पार गेलेल्या रस्त्याची पुनर्बांधणी वेगळ्या निधीतून मागा. देखभालीचा पैसा चांगल्या रस्त्यांवरच घाला. लोक ओरडतील, पण हा ब्रासचा हिशेब फळ्यावर लिहून दाखवा.

भाराबद्दलही बोला. अमेरिकेत १९५८ ते १९६० दरम्यान झालेल्या रस्ता-चाचणीतून निघालेला ढोबळ नियम असा, की एका आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज सोळापट होते. भिजलेल्या काळ्या मातीवर तर हा भार आणखी जड पडतो. केळीची काढणी पावसाळ्यातही थांबत नाही, आणि थांबवायला सांगूही नये. पण गाडी साइडपट्टीवर उभी करून भरण्याऐवजी शेताच्या तोंडाशी मुरमाची एक पक्की जागा करून दिली, तर कड वाचते. दोन-तीन शेतकऱ्यांनी मिळून ती केलेली मी पाहिली आहे.

शेवटचं काम: दिवाळीनंतरचं पत्र

दिवाळी झाली की वही घेऊन सगळा रस्ता पुन्हा चाला आणि लाल पेनाच्या नोंदी वेगळ्या काढा. जिल्हा परिषदेच्या उपअभियंत्यांच्या नावे पत्र लिहा: रस्त्याचं नाव आणि क्रमांक, कोणत्या खुणेपासून किती मीटर, काय दिसतं, कोणतं काम हवं, सोबत जूनमधला आणि आताचा एकाच जागेवरून काढलेला फोटो. "रस्ता खराब आहे, दुरुस्त करावा" एवढ्यावर अंदाजपत्रक होत नाही. "मोरीपासून ४० मीटरवर डाव्या कडेला ६५ मीटर लांब, ५ मिलिमीटर रुंद भेग, साइडपट्टी ८ सेंटिमीटर खचलेली" यावर होतं. पत्र नोव्हेंबर-डिसेंबरात पोचलं तर काम मार्चच्या आर्थिक वर्षात बसतं आणि मिरगाच्या आत पुरं होऊ शकतं. पोच घ्या, तारीख वहीत चिकटवा, आणि फेब्रुवारीत कार्यालयात जाऊन शाखा अभियंत्यांना ती जागा दाखवायला स्वतः सोबत घेऊन या.